मोगली कोणाचा?

मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्यांवर जे चित्रपट निघतात ते लोकांना इतके का आवडतात, आणि गोष्ट पाठ असूनही ते पुन्हा पुन्हा का पाहावेसे वाटतात, असा आजचा विषय आहे. तो फावल्या वेळेचा वाटेल. तथापि ज्या गोष्टीसाठी माणूस पदरमोड करून दुसऱ्यांदा तिकीट काढतो, तिच्यात त्याचे काहीतरी गुंतलेले असते. ते काय, हे शोधावयाचे तर दहा गोष्टींना हात लावण्यापेक्षा एक घट्ट धरून बसणे बरे. हॅरी पॉटर आहे, ओझचा जादूगार आहे, नार्निया आहे. मी मात्र ‘जंगल बुक’ घेतो, कारण ती गोष्ट आपल्या शेजारची आहे.

मराठीतलेच पुस्तक का घेतले नाही, असे कोणी विचारील. मराठीत मुलांच्या पुस्तकांवरून चांगले चित्रपट निघाले. आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’ कोण विसरेल? भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर २०१७ साली चित्रपट आला. पण श्याम हा घरातला मुलगा आणि फेणे हा शाळेतला. चेटकीण, राक्षस आणि बोलणारी जनावरे आपल्याकडे राहिली ती बालरंगभूमीवर. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण पाहून ओरडलेली मुले आज आजीआजोबा झाली आहेत. पडद्यावरचे अद्भुत मात्र आपल्या मुलांना बहुतेक बाहेरून आले.

आता ‘शेजारची’ कशी ते सांगतो. रुडयार्ड किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ सालचा. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवीत. घरात एक रोमन कॅथलिक आया आणि मीता नावाचा हिंदू गडी होता. त्यांच्या तोंडून गोष्टी ऐकत हा मुलगा वाढला, आणि आईबापांपुढे जाताना ‘आता इंग्रजीत बोल’ असे त्याला बजावून सांगावे लागे. पुढे अमेरिकेतल्या व्हरमाँट प्रांतात बर्फात बसून त्याने ही पुस्तके लिहिली. पहिले १८९४ साली निघाले, दुसरे १८९५ साली. गोष्टीचे रान म्हणजे शिवनीचे डोंगर, आणि नदी वैनगंगा. शिवनी आज मध्य प्रदेशात आहे, पण तेव्हा ती ज्या मध्यप्रांतात होती त्याची राजधानी नागपूर. तीच वैनगंगा पुढे भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांतून वाहते. पेंचचे जंगल तर दोन्ही राज्यांत पसरलेले आहे. वाघाला सरहद्दीचा खांब दिसत नाही.

नावेही पाहा. भालू, शेरखान, हाथी, अकेला, चील, बंदर लोक. इंग्रज मुलाला ही विशेषनामे वाटतात. त्याला भालू म्हणजे एका विशिष्ट अस्वलाचे नाव. आपल्या मुलाला हे शब्द ऐकताच अर्थ कळतो. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी जपानी चित्रमालिका हिंदी आवाजात लागू लागली, तेव्हा हे शब्द शंभर वर्षे जगभर हिंडून घरी परतल्यासारखे झाले. ती मालिका १९८९ सालची, ५२ भागांची. शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे. खेड्यापाड्यांत ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर त्या वेळी चपलांचा ढीग पडे. शेरखानाला आवाज दिला होता नाना पाटेकरांनी.

इथे जरा थांबू, कारण चाहत्यांच्या आवडीचे पहिले मर्म याच आवाजात आहे. आपल्या डोंगरपट्ट्यात बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे घालून माणसे रात्री नाचत येतात. मुखवट्याखाली कोण आहे ते गावाला ठाऊक असते. सकाळी ज्याच्या दुकानातून मीठ आणले तोच आता राक्षस होऊन येतो आहे, हे लहान मुलालाही कळते. तरी ते आईच्या पदराआड जाते, आणि पदराआडून पाहत राहते. ‘मला ठाऊक आहे’ आणि ‘मला भीती वाटते’ या दोन गोष्टी एकाच वेळी मनात असणे, हा मोठा आनंद आहे. अजाण माणसाला तो मिळत नाही. नानांच्या आवाजातला शेरखान हा असाच मुखवटा होता. मोठ्यांना आवाज ओळखू येई, मुलांना वाघ दिसे, आणि पाहता पाहता मोठ्यांनाही वाघच दिसू लागे.

२०१६ साली जॉन फॅव्हरो या दिग्दर्शकाचा ‘जंगल बुक’ आला. तो भारतात ८ एप्रिलला लागला, अमेरिकेच्या एक आठवडा आधी. त्यात नील सेठी हा न्यूयॉर्कचा भारतीय वंशाचा मुलगा तेवढा हाडामांसाचा. झाडे, पाणी, लांडगे, अस्वल सारे यंत्रगणकावर घडविलेले. त्या कारागिरीला ऑस्कर मिळाले. हिंदी आवृत्तीत भालूचा आवाज इरफान खानचा, बगीराचा ओम पुरींचा, आणि शेरखानाचा पुन्हा नाना पाटेकरांचा. जाहिरातीसाठी ते जुने गाणेही नव्याने केले होते. ज्यांनी १९९३ साली ओसरीवर बसून तो आवाज ऐकला ते आता बाप झाले होते. ते मुलांना घेऊन गेले, आणि माझ्या अंदाजाने मुलांपेक्षा बापच अधिक खूश होऊन परतले. वाङ्मयाचे जाणकार याला जुन्याची ओढ म्हणतील. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कीर्तनाला बसलेला माणूस हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे ऐकायला येत नाही. हे बुवा ते कसे सांगतात, हे पाहायला येतो. गोष्ट ठाऊक असणारालाच सांगणाराची पारख करता येते. चाहता म्हणजे असा पारखी श्रोता. म्हणून तो चित्रपटगृहातून बाहेर पडताच भांडू लागतो: अमुक का गाळले, तमुक का घुसडले? ते भांडण हाही त्याच्या सुखाचाच भाग आहे.

भांडायला जागाही पुष्कळ आहे. १९६७ सालचा डिस्नेचा व्यंगपट जगात सर्वांत लाडका. पण वॉल्ट डिस्नेने आपल्या लेखकाला पुस्तक हातात देऊन ते वाचू नको असे बजावले, असे सांगतात. ते खरे असावे, असे चित्रपट पाहून वाटते. पुस्तकातला अजगर का हा मोगलीचा मित्र आणि शहाणा म्हातारा. चित्रपटात तो मुलाला गिळू पाहणारा लबाड. पुस्तकातल्या माकडांना राजाच नाही, आणि त्यांची सारी फजिती त्यातूनच होते. चित्रपटाने त्यांना एक गाणारा राजा दिला. पुस्तकातला शेरखान जन्माचा लंगडा. त्याची आईच त्याला ‘लंगडी’ म्हणे. ढोरे मारतो तो लंगडेपणामुळे. चित्रपटात तो ऐटबाज सरदार झाला. इतके फिरवूनही लोकांनी चित्रपट डोक्यावर घेतला, याचा अर्थ लोकांना हव्या असलेल्या गोष्टीला डिस्नेने धक्का लावला नव्हता. ती कोणती?

माझे उत्तर असे: परक्या पोराला कळपाने आपले म्हटले, ही. अद्भुताचा खरा गाभा तोच आहे. अस्वल बोलते यात काय नवल? पंचतंत्रात सारीच बोलतात. एका लांडगीने माणसाचे उघडे पोर पाहिले आणि वाघाच्या तोंडावर सांगितले की हे माझे आहे, हे नवल.

पण लांडगीच्या मायेने काम भागत नाही, आणि इथे किपलिंग नुसता गोष्टीवेल्हाळ न राहता मोठा होतो. पोराला कळपाच्या सभेपुढे आणावे लागते. पौर्णिमेच्या रात्री खडकावर सभा भरते. अध्यक्ष अकेला. पोराच्या हक्काबद्दल वाद निघाला तर आईबाप सोडून दुसऱ्या दोघांनी त्याच्या बाजूने बोलले पाहिजे, असा नियम. आपल्या भाषेत एक सूचक आणि एक अनुमोदक! भालू पहिला उठतो. तो लांडगा नसला तरी पिल्लांचा शिक्षक म्हणून त्याला बोलण्याचा अधिकार आहे. बगीराला सभेत अधिकार नाही. तो आधी परवानगी मागतो आणि मग कायद्यातले दुसरे कलम काढतो, की अशा वेळी पिल्लाचा जीव किंमत देऊन विकत घेता येतो. तो नुकताच मारलेला एक बैल देऊ करतो. ठराव पास. विडी कामगारांच्या सभा चालविण्यात माझी तीस वर्षे गेली. सभेचे कामकाज इतके चोख लिहिणारा दुसरा लेखक मी वाचलेला नाही. किपलिंग साम्राज्याचा भाट होता, आपल्या स्वराज्याला त्याचा विरोध होता, हे मी विसरत नाही. पण माणूस ज्या वेळी खरे लिहितो त्या वेळी ते मान्य करावे.

पुढचेही तितकेच खरे आहे. अकेला म्हातारा होतो. तरुण लांडगे शेरखानाच्या मागे हिंडून त्याच्या शिकारीचे उष्टे खाऊ लागतात. उष्टे खाणारा कोणाच्या बाजूने हात वर करतो ते संपात सामील झालेल्या कोणालाही विचारा. सभेचा रंग पालटतो, आणि ज्या खडकावर मोगलीला घेतले त्याच खडकावरून त्याला घालवून देण्याची मागणी होते.

चित्रपटांनी या सभेचे काय केले हे पाहण्यासारखे आहे. १९६७ च्या चित्रपटात सभा आहे, पण ती भित्र्यांची. शेरखान परत येतो आहे असे कळताच कळपाच्या भल्यासाठी पोराला माणसांत पोचवावे असे ठरते, आणि अकेला ते जाहीर करतो. गाणी इतकी गोड की हा दगा कोणाला बोचत नाही. २०१६ च्या चित्रपटात कोणी घालवीत नाही; कळपावर संकट नको म्हणून पोर आपणच निघते. शेवटी मात्र मोगली हातातली मशाल पाण्यात टाकतो, शेरखान त्याला हिणवतो, आणि मग भालू कायदा म्हणू लागतो, बगीरा साथ देतो, लांडगे साथ देतात, आणि सगळे मिळून वाघापुढे उभे राहतात. चित्रपटगृहात त्या ठिकाणी टाळ्या पडतात. कोणी म्हणेल, तंत्राच्या करामतीला टाळ्या पडल्या. करामत तर पहिल्या क्षणापासून चालू असते. टाळ्या तिथेच का पडाव्यात?

आता मथळ्यातला प्रश्न. मोगली शेवटी कोणाचा? प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले आहे. पुस्तकात तो सतरा वर्षांचा होऊ लागतो, वसंत येतो, सारे प्राणी आपापल्या जोडीत रमतात, आणि मोगलीला आपण एकटे आहोत असे वाटू लागते. तो रडत माणसांत परततो. १९४२ सालच्या चित्रपटात साबू मोगली झाला. झोल्टान कॉर्डाचा हा चित्रपट. त्यात माणसे खजिन्याच्या लोभाने एकमेकांचे गळे धरतात, रानाला आग लागते, आणि मोगली माणसांकडे पाठ फिरवून रानात जातो. महायुद्ध चालू होते. माणसांची बाजू घेणे त्या वर्षी अवघडच होते. १९६७ साली पाणी भरायला आलेली एक पोर वळून पाहते आणि मोगली तिच्यामागे गावात जातो, दोन मिनिटांत काम तमाम. २०१६ साली तो जातच नाही. लांडग्यांत राहतो, पण माणसाच्या युक्त्या वापरून. परदेशात जन्मलेल्या आपल्या लोकांच्या मुलांना हे उत्तर फार जवळचे वाटत असेल: दोन्हीकडचा, आणि कोणाची क्षमा न मागणारा.

स्वतः साबूची कहाणीही याच जातीची आहे. म्हैसूरकडच्या माहुताचा हा मुलगा. किपलिंगच्याच हत्तींच्या गोष्टीवर ‘एलिफंट बॉय’ नावाचा चित्रपट निघाला तेव्हा गोऱ्या चित्रपटवाल्यांच्या नजरेस पडला. तो चित्रपट १९३७ साली लागला. पुढे तो अमेरिकेत गेला, तिथला नागरिक झाला, युद्धात त्यांच्या विमानांतून लढला, आणि १९६३ साली चाळिशीच्या आत तिथेच वारला. पडद्यावरचा साबू रानात परतला. खरा कधी कायमचा परतला नाही.

जाता जाता, किपलिंगने एक पाचवा शेवटही लिहिला आहे, आणि तो इतर गोष्टींच्याही आधी, १८९३ साली छापला गेला. त्यात मोठा झालेला मोगली सरकारी वनखात्यात नोकरीला लागतो, दरमहा पगार आणि शेवटी पेन्शन! हा शेवट एकाही चित्रपटवाल्याने घेतला नाही. आमच्या संघटनेतल्या मंडळींना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचे मत पडले की सर्वांत अद्भुत भाग हाच.

थट्टा सोडून देऊ. आपल्या तालुक्यात हा प्रश्न पडद्यापुरता नाही. डोंगरातल्या वाडीवरचे मूल सहा-सात वर्षांचे झाले की पत्र्याची पेटी घेऊन आश्रमशाळेत येते. घरची बोली एक, पुस्तकातली भाषा दुसरी. सुटीत वाडीवर गेले तर ते थोडे शाळेचे झालेले असते, आणि शाळेत परतले की थोडे वाडीचे उरलेले असते. त्या मुलाने मोगलीचा शेवट पाहताना श्वास रोखला तर तो वाघाच्या भीतीने रोखला असे समजू नये.

वाघाचेही आपल्याकडे वेगळे आहे. इतरत्र वसुबारस असते त्या दिवशी आपल्या आदिवासी गावांत वाघबारस होते. गुराखी दूध-तांदूळ जमवून रानात खीर करतात, शेंदूर फासलेल्या वाघोबाला नैवेद्य दाखवितात, आणि आमची गुरे सांभाळ असे म्हणतात. काही गावांत पोरांतलाच कोणी वाघ होतो, कोणी अस्वल. चित्रपटातला वाघ शेवटी मरावाच लागतो, त्याशिवाय तिकिटाचे पैसे वसूल होत नाहीत. आपला वाघ मरत नाही. त्याला पुढच्या वर्षीही खीर द्यावयाची असते. आणि ही नुसती दंतकथा नव्हे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या शेतशिवारात आपोआप टिपणारे कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले, आणि जवळजवळ तेवढीच तरसे. तेही जंगलात नव्हे, तर चौरस किलोमीटरमागे ३०० वर माणसे राहतात अशा उसाच्या आणि घरांच्या मुलखात. बगीरा म्हणजे काळा बिबट्याच. आपली मुले रात्री अंगणात उतरताना बॅटरी घेऊन उतरतात ती त्याच्या भाऊबंदांसाठी. म्हणून ‘जंगल बुक’ पाहताना लंडनचे मूल जे पाहते ते राजूरचे मूल पाहत नाही. त्याला ती शेजाऱ्याची बातमी असते.

असे असल्यामुळेच चित्रपटवाल्यांवर माझा एक राग आहे. पुस्तकात शेरखान मरतो तो आगीने नव्हे, सुरीने नव्हे. गावात आल्यावर मोगलीला म्हशी राखायचे काम मिळते. शेरखान एका घळीत पोट भरून सुस्त पडला आहे असे कळताच तो लांडग्यांच्या मदतीने कळपाचे दोन भाग करतो: रेडे एकीकडे, म्हशी-पारडी दुसरीकडे. रेडे घळीच्या वरच्या तोंडाने हाकतो, म्हशी खालच्या तोंडाशी उभ्या. भरल्या पोटाच्या वाघाला कडा चढवत नाही. बाकीचे खुरांनी केले. ज्याने एकदा तरी गुरे राखली आहेत त्याला ही योजना किती पक्की आहे ते कळेल. पारडी जवळ असलेली म्हैस जागची हलत नाही, आणि उताराला लागलेला कळप थांबत नाही. हा गुराख्याच्या पोराच्या अकलेचा विजय आहे. १९४२ साली पाण्यात सुरीने झटापट दाखविली, १९६७ साली वाघाच्या शेपटीला जळती फांदी बांधली, २०१६ साली त्याला आगीत पाडले. म्हशी कोणालाच दिसल्या नाहीत. यंत्रगणकावर हजार माकडे नाचविणाऱ्यांना चार रेडे जड का जावेत?

दुसरे गाळलेले स्थळ त्याहून मोलाचे. गावाने मोगलीला चेटक्या म्हणून दगड मारून हाकलले, आणि त्याला घास देणाऱ्या मेसुआला व तिच्या नवऱ्याला जाळण्याचा बेत केला. तेव्हा मोगली हत्तींना, हरणांना, रानडुकरांना त्या गावावर सोडतो. पिके जातात, कुंपणे जातात. घाबरलेले गावकरी शेवटी रानातल्या गोंडांच्या नायकाला बोलावून आणतात आणि विचारतात, आमचे देव कोपले की तुमचे? गोंड लहानखुरा, काळा, हातात धनुष्य. तो काही बोलत नाही. रानकारल्याची एक वेल उचलतो आणि देवळाच्या दारावर आडवीतिडवी गुंफतो. मग गावाबाहेर जाणाऱ्या वाटेकडे हाताने ढकलल्याची खूण करतो, आणि आपल्या रानात निघून जातो.

सबंध पुस्तकात रानाचे म्हणणे अचूक समजणारा माणूस मोगलीखेरीज हा एकच आहे, आणि तो आदिवासी आहे. मी पाहिलेल्या एकाही चित्रपटात तो नाही. गेल्या पावसाळ्यात एका आश्रमशाळेतल्या मुलांना मी हा प्रसंग वाचून दाखविला. वेल गुंफल्याचे ऐकताच मागच्या रांगेतली एक मुलगी शेजारणीला हळूच म्हणाली, “म्हणजे आता इथे रान येणार.” गोंडाच्या खुणेचा अर्थ किपलिंग पुढच्या ओळींत सांगतो, पण मी अजून तिथवर वाचले नव्हते.